पडद्यामागचे हात

पाठ-परिचय : चित्रपटात भूकंप होतो, धरण फुटते, राक्षसी वानर उंच इमारतीवर चढते. ही दृश्ये आपण डोळे विस्फारून पाहतो. पण ती घडवणाऱ्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. अमेरिकेतील ऑस्कर पुरस्काराच्या इतिहासातून अशा काही कारागिरांची ओळख या पाठात करून दिली आहे. त्यांच्या कामाला शाबासकी कशी मिळू लागली, कोणाचे नाव यादीत आले आणि कोणाचे राहून गेले, ते आपण वाचू या.

सिनेमाच्या पडद्यावर धरण फुटते. पाण्याचा लोंढा गावात शिरतो. घरे कोसळतात, पूल वाहून जातो. आपण खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो. चित्रपट संपल्यावर बाहेर पडताना आपण नायकाविषयी बोलतो, गाण्यांविषयी बोलतो. ते धरण कोणी फोडले, असे मात्र कोणीच विचारत नाही.

खरे तर ते धरण कोणीतरी आधी बांधलेले असते. लाकूड, प्लास्टर आणि रंग वापरून त्याची छोटी प्रतिकृती तयार केलेली असते. पाणी किती सोडायचे, कोठून सोडायचे, भिंत कोठे तडकली पाहिजे, याचा हिशेब केलेला असतो. अशा करामतींना चित्रपटसृष्टीत 'स्पेशल इफेक्ट्स' म्हणतात. आज यांतील बरेचसे काम संगणकावर होते. पण आग, पाऊस, धूर, स्फोट, यंत्रावर हलणारे प्राणी, छोट्या प्रतिकृती या गोष्टी कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष घडवण्याची कला संगणकाच्या कितीतरी आधीची आहे आणि ती आजही चालू आहे.

या कलेची एक गंमत आहे. गायकाने चांगले गायिले, तर लोक त्याला ओळखू लागतात. या कारागिराने चांगले काम केले, तर ते काम कोणाच्या लक्षातच येत नाही! पाहणाऱ्याला ते खरे वाटते. ज्या कारागिराच्या करामतीचा दोरा दिसतो, तो फसला. ज्याचा दिसत नाही, तो जिंकला. मग अशा माणसाचे नाव जगाला कळणार तरी कसे? म्हणूनच या क्षेत्रात पुरस्काराला फार मोल आहे. पुरस्कार देताना नाव पुकारावे लागते. आणि ते नाव कायमचे लिहिले जाते.

पहिला पुरस्कार

ऑस्कर पुरस्कारांचा पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी अमेरिकेतील हॉलिवूड येथे झाला. त्या पहिल्याच वर्षी 'इंजिनिअरिंग इफेक्ट्स' या नावाने एक पुरस्कार ठेवला होता. पहिल्या महायुद्धातील वैमानिकांवरच्या 'विंग्ज' या चित्रपटासाठी तो रॉय पॉमरॉय यांना मिळाला.

याच पॉमरॉय यांनी १९२३ साली 'द टेन कमांडमेंट्स' या मूकपटासाठी एक अवघड दृश्य तयार केले होते. हजरत मूसा आणि त्यांच्या लोकांना वाट देण्यासाठी समुद्र दुभंगतो, ही कथा तुम्हांला माहीत आहेच. दोन्ही बाजूंना पाण्याच्या उंच भिंती उभ्या आहेत, असे पडद्यावर दाखवायचे होते. पाण्याची भिंत कशी उभी करणार? पॉमरॉय यांनी जेलीचा वापर केला. जेलीचा मोठा तुकडा मधोमध कापून, तो थरथरत असताना अगदी जवळून त्याचे चित्रण केले. पडद्यावर तीच जेली समुद्राच्या उभ्या भिंती होऊन लोकांना दिसली. हा चित्रपट १९५६ साली नव्याने काढण्यात आला, तेव्हा समुद्र दुभंगण्याच्या दृश्यासह त्यातील करामतींसाठी जॉन फुल्टन यांना ऑस्कर मिळाले.

इंजिनिअरिंग इफेक्ट्सचा तो पुरस्कार मात्र एकदाच दिला गेला. दुसऱ्या वर्षीपासून तो बंद झाला. त्यामुळे पुढे एक मोठा अन्याय घडला.

वानर आले, पुरस्कार नव्हता

१९३३ साली 'किंग काँग' हा चित्रपट आला. त्यातील अजस्र वानर न्यूयॉर्कमधील सर्वांत उंच इमारतीवर चढते. प्रेक्षक भीतीने किंचाळले. पुष्कळ दृश्यांतील ते वानर प्रत्यक्षात सुमारे दीड फूट उंचीची बाहुली होती! आत धातूचा सांगाडा, वर रबर आणि त्यावर सशाची कातडी. विलिस ओब्रायन नावाच्या कारागिराने आपल्या सोबत्यांसह तिच्यात जीव ओतला.

हे काम कसे चालते? बाहुलीचा हात अगदी किंचित हलवायचा आणि एक चित्र घ्यायचे. पुन्हा किंचित हलवायचा, पुन्हा एक चित्र. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. म्हणजे एका सेकंदाच्या हालचालीसाठी चोवीस वेळा बाहुली हलवावी लागते, आणि एका मिनिटासाठी १४४० वेळा. मध्येच एखादी चूक झाली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चित्रपट नीट पाहिला, तर काँगच्या अंगावरचे केस थरथरताना दिसतात. ती वाऱ्याची झुळूक नव्हे. बाहुली हलवताना बोटे लागून ते केस विसकटत असत. कारागिराचा हात पडद्यावर दिसला, तो एवढाच.

या कामासाठी ओब्रायन यांना ऑस्कर मिळाले नाही. कारण त्या वर्षी या कलेसाठी पुरस्कारच नव्हता. चित्रपटाचे नाव जगभर गेले; पण पुरस्काराच्या यादीत त्याचा कोठेही उल्लेख झाला नाही.

मलमल आणि मुलतानी माती

१९३९ सालच्या चित्रपटांपासून स्पेशल इफेक्ट्सचा पुरस्कार नियमित सुरू झाला. त्या वर्षी स्पर्धा चुरशीची होती. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटात एक भयंकर वावटळ येते आणि एका मुलीचे घर उचलून नेते. आर्नल्ड गिलेस्पी या कारागिराने ती वावटळ तयार केली होती. आधी रबराची वावटळ करून पाहिली. ती काही जमली नाही. मग त्यांनी सुमारे पस्तीस फूट लांबीची मलमलीची पिशवी शिवून घेतली. ती वरून टांगून गरागरा फिरवली. धूळ दिसावी म्हणून हवेच्या जोराने मुलतानी माती उडवली. जी मलमल आपल्याकडे ओढणीला वापरतात आणि जी मुलतानी माती तोंडाला लावतात, त्यांतून हॉलिवूडमध्ये वादळ उठले!

तरीही त्या वर्षीचा पुरस्कार या वावटळीला मिळाला नाही. तो मिळाला 'द रेन्स केम' या चित्रपटाला. या चित्रपटाची कथा भारतात घडते. रांचीपूर नावाच्या एका काल्पनिक संस्थानात भूकंप होतो, धरण फुटते आणि महापूर येतो. हा सगळा प्रलय हॉलिवूडमध्येच उभा केला होता. त्यासाठी छायाचित्रणातील करामतींबद्दल फ्रेड सर्सेन यांना आणि आवाजाच्या करामतींबद्दल एडमंड हॅन्सन यांना गौरवण्यात आले. त्या काळी दृश्य आणि आवाज यांचा पुरस्कार एकत्रच दिला जाई. १९६३ सालच्या चित्रपटांपासून ते वेगळे झाले.

गिलेस्पी यांना पुढे १९५९ सालच्या 'बेन-हर' सह अनेक चित्रपटांसाठी ऑस्कर मिळाले. आणि ओब्रायन? १९४९ सालच्या 'मायटी जो यंग' या वानरावरच्याच दुसऱ्या चित्रपटासाठी अखेर ऑस्करची बाहुली त्यांच्या हाती आली. 'किंग काँग' येऊन तेव्हा सोळाहून अधिक वर्षे उलटली होती.

नाव कोणाचे लिहायचे ?

पुरस्कार सुरू झाला म्हणजे सगळे प्रश्न सुटले, असे नाही. एका दृश्यासाठी पन्नास माणसे राबतात. मग नाव कोणाचे लिहायचे?

१९५४ साली वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने 'ट्वेन्टी थाउजंड लीग्ज अंडर द सी' हा चित्रपट काढला. त्यात एक प्रचंड माकूल पाणबुडीवर हल्ला करतो. रॉबर्ट मॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा यांत्रिक माकूल बनवला होता. पहिल्यांदा शांत समुद्रावर, मावळतीच्या उजेडात चित्रण केले, तेव्हा तो अगदीच खोटा दिसला. त्याच्या तारा दिसू लागल्या, पाणी पिऊन तो जड झाला. तेव्हा ते सगळे चित्रण बाजूला ठेवून रात्रीच्या वादळात तेच दृश्य पुन्हा घेतले. लाटा आणि अंधार यांमुळे तारा लपल्या. या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले. पण यादीत नाव लिहिले गेले ते कंपनीचे. ज्यांनी हात काळे केले, त्यांची नावे तेथे नव्हती.

१९६८ साली '२००१ : अ स्पेस ओडिसी' हा अंतराळप्रवासावरचा चित्रपट आला. त्यात अंतराळयानाचा अंतर्भाग दाखवण्यासाठी दुमजली घराहून उंच असे फिरते चक्र बांधले होते. चक्र फिरे आणि नट खालच्या बाजूला चालत राही. पाहणाऱ्याला वाटे, की तो भिंतीवरून छतावर चालत गेला. एका दृश्यात पेन हवेत तरंगते. ते पेन एका काचेला चिकटवलेले होते आणि ती काच कॅमेऱ्यापुढे हळूहळू फिरवली होती. या चित्रपटाच्या करामतींचे ऑस्कर एकट्या दिग्दर्शकाच्या, स्टॅन्ली कुब्रिक यांच्या नावे दिले गेले. कुब्रिक यांना आयुष्यात मिळालेले हे एकमेव ऑस्कर. या कामाची कल्पना आणि दिग्दर्शन त्यांचेच होते, हे खरे. पण डग्लस ट्रम्बल यांच्यासह चार तज्ज्ञ या करामतींवर देखरेख करत होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे होती; पुरस्कारात नव्हती.

१९७६ साली 'किंग काँग' पुन्हा काढण्यात आला. या वेळी चाळीस फूट उंचीचे यांत्रिक वानर बांधले. त्यावर भरपूर पैसा खर्च झाला. पण ते नीट हालेना. चित्रपटात ते काही क्षणच दिसते. बाकी जवळजवळ सर्व दृश्यांत वानराचे कातडे घालून रिक बेकर नावाचा एक तरुण कारागीर वावरत होता. चित्रपटाला करामतींचे विशेष ऑस्कर मिळाले. त्यात तीन नावे होती. रिक बेकर यांचे नव्हते. त्या वेळी रंगभूषेसाठीही कायमचा पुरस्कार नव्हता. तो १९८१ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी तो मिळाला रिक बेकर यांना! पुढे त्यांनी एकूण सात ऑस्कर पटकावले.

न चालणारा मासा

काही वेळा करामत फसते आणि त्यातून चांगले काही निष्पन्न होते. १९७५ सालच्या 'जॉज' या चित्रपटासाठी तीन यांत्रिक शार्क मासे बनवले होते. ते बनवणारे होते माकूलवाले रॉबर्ट मॅटी. पण खाऱ्या पाण्यात मासे सारखे बिघडू लागले. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी मग मासा कमीत कमी दाखवायचे ठरवले. पाण्यावर ओढले जाणारे पिवळे पिंप दिसते आणि संगीत वाजते, तेवढ्याने लोकांचा थरकाप उडतो. या चित्रपटाला संकलन, संगीत आणि ध्वनी यांसाठी तीन ऑस्कर मिळाले. माशाला एकही मिळाले नाही. पण त्या माशाच्या बिघाडानेच संकलकाला आणि संगीतकाराला आपले कसब दाखवायची संधी दिली.

उस्ताद आणि शागीर्द

'किंग काँग' पाहून एक तेरा वर्षांचा मुलगा वेडा झाला. हे वानर हालते तरी कसे, याचा त्याने ध्यास घेतला. घरातल्या जागेत तो स्वतः बाहुल्या बनवू लागला. त्याचे नाव रे हॅरीहाउझेन. पुढे 'मायटी जो यंग' च्या वेळी ओब्रायन यांनी त्यालाच आपल्या हाताखाली घेतले, आणि त्या वानराच्या हालचालींचे बरेचसे काम या शागिर्दानेच केले.

१९६३ सालच्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' मध्ये हॅरीहाउझेन यांनी सात सांगाड्यांची तीन माणसांशी तलवारबाजी दाखवली. पडद्यावर काही मिनिटांत संपणाऱ्या या लढाईसाठी त्यांना साडेचार महिने लागले. सात सांगाडे, प्रत्येकाचे हात, पाय, मान आणि तलवार. सगळे एका चित्रापुरते किंचित हलवायचे. हे काम ते एकटेच करत. आज जगातले मोठे दिग्दर्शक हे दृश्य पाहून आपण या क्षेत्रात आलो, असे सांगतात. पण त्या वर्षी ऑस्करच्या स्पर्धेसाठी या चित्रपटाचे नावसुद्धा निघाले नाही.

१९९२ साली मात्र त्यांना गॉर्डन सॉयर पुरस्कार देण्यात आला. चित्रपटाच्या तंत्रज्ञानात आयुष्यभर मोलाची भर घालणाऱ्याला अकादमी हा मान देते आणि त्याबरोबर ऑस्करची बाहुलीही देते. हॅरीहाउझेन तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. हाच मान २०१२ साली डग्लस ट्रम्बल यांनाही मिळाला. उशिरा का होईना, नावे लिहिली गेली.

संगणक आला

१९९३ साली 'ज्युरासिक पार्क' आला. त्यातील काही डायनासोर संगणकावर तयार केले होते. आता जुनी कला संपली, असे अनेकांना वाटले. पण या चित्रपटातील पुष्कळ डायनासोर स्टॅन विन्स्टन यांनी प्रत्यक्ष बांधले होते. त्यांतला सर्वांत मोठा सुमारे वीस फूट उंच होता. चित्रणाच्या वेळी पाऊस पाडला, की त्याचे स्पंजासारखे अंग पाणी शोषून घेई आणि ते प्रचंड यंत्र थरथरू लागे. मग माणसे टॉवेल घेऊन त्याला पुसत बसत!

या चित्रपटात डायनासोर येण्याआधी मोटारीतल्या पेल्यातील पाण्यावर गोल गोल तरंग उठतात. हे साधे दिसणारे दृश्य फार अवघड ठरले. मायकेल लँटिएरी यांनी शेवटी गिटारची तार वापरली. ती पेल्याखालून खाली नेली आणि मोटारीखाली झोपलेल्या माणसाने ती छेडली. पाण्यावर हवे तसे तरंग उठले. या चित्रपटाचे करामतींचे ऑस्कर चार जणांना मिळाले. त्यांत संगणकाचे काम पाहणारे होते, तसेच विन्स्टन आणि लँटिएरीही होते. प्रत्यक्ष घडवणारा आणि संगणकावर घडवणारा, दोघे एकाच व्यासपीठावर उभे राहिले.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. २०१० सालच्या 'इन्सेप्शन' मध्ये हॉटेलच्या बोळात मारामारी होते आणि माणसे भिंतींवरून, छतावरून धावतात. क्रिस कॉर्बुल्ड यांनी सुमारे शंभर फूट लांबीचा बोळ बांधून तो संपूर्ण गोल फिरवला. कुब्रिक यांच्या चक्राचेच हे नातवंड. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. क्रिस यांचे भाऊ नील कॉर्बुल्ड यांचे नाव २०२४ साली एकाच वेळी तीन चित्रपटांसाठी स्पर्धेत होते. तिन्ही हरले, पुरस्कार 'गॉडझिला मायनस वन' या जपानी चित्रपटाकडे गेला.

आता या कलेचा गौरव करणाऱ्या संस्थाही वाढल्या आहेत. ब्रिटनची बाफ्टा ही संस्था १९८२ सालच्या चित्रपटांपासून असा पुरस्कार देते. दूरदर्शन मालिकांमधील करामतींना अमेरिकेत एमी पुरस्कार मिळतो. या क्षेत्रातील लोकांनी १९९७ साली 'व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटी' ही स्वतःची संस्था काढली आणि २००३ पासून ती आपले पुरस्कार देऊ लागली. त्यांत कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष घडवलेल्या करामतींसाठी एक स्वतंत्र पुरस्कारही ठेवण्यात आला. जे काम इतरांना दिसत नाही, ते त्याच धंद्यातल्या माणसांना लगेच दिसते.

आपल्याकडचा काळा धागा

आपल्या मुंबईतही असे कारागीर होऊन गेले. १९३७ साली 'ख्वाब की दुनिया' या चित्रपटात अदृश्य माणसाच्या करामती दाखवायच्या होत्या. बाबूभाई मिस्त्री या तरुणाने काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या धाग्याने वस्तू हलवल्या. धागा कोणालाच दिसला नाही. लोकांनी त्यांचे नावच 'काला धागा' पाडले. त्या काळी आपल्याकडे अशा कामासाठी ऑस्करसारखा पुरस्कार नव्हता. सोबतच्या लोकांनी दिलेले हे टोपणनाव हाच त्यांचा पुरस्कार. पुढे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही स्पेशल इफेक्ट्सना स्थान मिळाले.

जेली, मलमल, माती, गिटारची तार आणि काळा धागा. या वस्तूंची किंमत फार नाही. त्या वापरणाऱ्याची बुद्धी, धीर आणि मेहनत यांची किंमत मोठी आहे. ज्याने काम केले, त्याचे नाव त्या कामाला लागले पाहिजे, हा साधा न्याय आहे. तो मिळायला ओब्रायन यांना सोळा वर्षे आणि ट्रम्बल यांना चाळीसहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. मित्रांनो, पुढच्या वेळी चित्रपट संपला, की लगेच उठू नका. पडद्यावर नावे सरकत असतात. ती वाचायला दोन-तीन मिनिटे पुरतात.

शब्दार्थ

करामत – युक्तीने केलेले आश्चर्यकारक काम
प्रतिकृती – हुबेहूब नमुना
अजस्र – फार मोठे, प्रचंड
वावटळ – गोल फिरणारे वादळ
संस्थान – राजाच्या ताब्यातील छोटे राज्य
माकूल – अनेक लांब भुजा असलेला समुद्रातील प्राणी
श्रेयनामावली – चित्रपटात काम केलेल्यांच्या नावांची यादी
संकलन – चित्रित भाग निवडून जोडण्याचे काम
कसब – कौशल्य, हुन्नर
बोळ – दोन्ही बाजूंना भिंती असलेली अरुंद वाट

वाक्प्रचार

डोळे विस्फारणे – आश्चर्याने पाहणे
जीव ओतणे – मनापासून काम करणे
ध्यास घेणे – एकाच गोष्टीचा सतत विचार करणे
थरकाप उडणे – खूप भीती वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) ऑस्कर पुरस्कारांचा पहिला समारंभ कोठे झाला?
(२) 'किंग काँग' मधील वानराच्या बाहुलीवरचे केस का थरथरत?
(३) मलमलीची वावटळ कोणी तयार केली?
(४) बाबूभाई मिस्त्री यांना लोकांनी कोणते नाव दिले?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(१) पडद्यावर एका सेकंदात ........ चित्रे सरकतात.
(२) 'द रेन्स केम' या चित्रपटाची कथा ........ या काल्पनिक संस्थानात घडते.
(३) पेल्यातील पाण्यावर तरंग उठवण्यासाठी ........ तार वापरली.

प्र. ३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) विलिस ओब्रायन यांना १९३३ साली ऑस्कर का मिळाले नाही?
(२) यांत्रिक माकुलाचे दृश्य पुन्हा का घ्यावे लागले?
(३) बिघडलेल्या शार्क माशाचा 'जॉज' चित्रपटाला काय फायदा झाला?

प्र. ४. 'काम अनेकांचे असेल, तर पुरस्कारात नाव कोणाचे लिहावे?' तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

प्र. ५. कारागीर, पडदा, नमुना, हुबेहूब, मेहनत, खर्च, उस्ताद, शागीर्द हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एक वाक्य तयार करा. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा.

प्र. ६. खालील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(१) पाण्याचा लोंढा गावात शिरतो.
(२) त्यांनी मलमलीची पिशवी शिवून घेतली.
(३) पाण्यावर तरंग उठले.

उपक्रम : एका काचेवर पेन्सिल चिकटवा. काच हळूहळू फिरवा आणि समोरून पाहा. पेन्सिल हवेत तरंगते असे वाटते का? काचेच्या कडा दिसू नयेत म्हणून काय करावे लागेल, याची वर्गात चर्चा करा.